मशीनगन काही वाणसामानाच्या दुकानात मिळत नाही!

ऑस्टिनकर:
परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "अमेरिकेत कुणीही उठतो, सुपरमार्केटातून मशीनगन उचलून आणतो, म्हणून रोज मुडदे पडतात." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. वीस वर्षं टेक्सासात काढल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

१९३४ च्या कायद्याने फुल-ऑटोला, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशा मशीनगनला, नोंदणी सक्तीची केली आणि दर हस्तांतराला २०० डॉलर कर लावला. त्या काळी तेवढ्यात अख्खी टॉमी गन, म्हणजे तेव्हाची हातातली मशीनगन, यायची, म्हणजे कर कसला, दंडच तो. मग १९८६ ची ह्यूजेस दुरुस्ती. त्या वर्षी १९ मेपर्यंत जेवढ्या नोंदल्या गेल्या तेवढ्याच आजही एका नागरिकाकडून दुसऱ्याकडे जातात, नवी एकही नाही. म्हणून जुन्या एम-१६ ला, म्हणजे लष्करी फुल-ऑटो रायफलीला, आज तीस हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. वर बोटांचे ठसे, फोटो, एटीएफ ह्या बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची मंजुरी. काही राज्यांत तर मुळातच बंदी. अशा नोंदलेल्या बंदुकीने झालेले खून शोधायला दुर्बीण लागेल. रोजचे मुडदे पडतात ते साध्या पिस्तुलांनी. तो वाद जरूर घाला, पण जो कायदा चालतोय त्याला कशाला बडवता?

तिरपागडा:
वा, वकीलपत्र छान! २०१७ ला लास वेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून गाण्याच्या कार्यक्रमावर गोळ्यांचा पाऊस पडला, ६० माणसं गेली. त्या माणसाने कुठली नोंदलेली मशीनगन वापरली? साध्या रायफलींना बंपस्टॉक लावले होते, म्हणजे बंदुकीच्या धक्क्यानेच चाप भराभर दाबला जाईल असे दस्ते. पुढे ट्रम्प सरकारनेच बंदी घातली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ६ विरुद्ध ३ ने उडवली. का, तर म्हणे दर गोळीला चाप वेगळा हलतो! मेलेल्यांना जाऊन चापाचं व्याकरण शिकवा. तुमचा कायदा चालतो म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंतच गायब.

ऑस्टिनकर:
निकाल बंदुकीच्या हक्कावर नव्हताच, १९३४ च्या कायद्यातल्या शब्दांवर होता. संसदेने शब्द बदलावेत, कोणी अडवलंय? बाकी बंपस्टॉकबद्दल मीही तुमच्याच बाजूचा आहे. घ्या, खूश?

तिरपागडा:
उपकार झाले. आता ग्लॉक पिस्तुलाला लावून ते फुल-ऑटो करणाऱ्या नाण्याएवढ्या स्विचबद्दलही बोला. की तोही १९८६ च्या आधीचा?

ऑस्टिनकर:
तो तुकडा स्वतःच कायद्याने मशीनगन ठरतो, नुसता जवळ सापडला तरी दहा वर्षांपर्यंत आत. चोर कायदा मोडतात हा कायद्याचा दोष का?

जर्सीची सून:
पुरुषांनो, कलमं पुरे. आमचे दीर भारतातून आले, "एकदा मशीनगन चालवायचीच" म्हणून हटून बसले. रेंजवर गेलो. तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. पहिल्या दोन समोरच्या कागदाला, बाकीच्या छताच्या दिशेने. शिकवणाऱ्याने मागून खांदा धरला नसता तर काय झालं असतं, मला विचारू नका. २०१४ मध्ये ॲरिझोनात नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी ही छोटी मशीनगन दिली, ती उसळली आणि शिकवणाराच गेला. तिथे चोर कोण होता? सगळं कायदेशीरच होतं ना, ऑस्टिनकर?

ऑस्टिनकर:
नऊ वर्षांच्या पोरीला उझी देणं हा शुद्ध गाढवपणा. पण गाढवपणावर कलम नसतं.

कुडाळचो झिलगो:
तुमचा बरा आसा, उझी नि एम-१६! आमच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, परवाना शेती संरक्षणाचा, आवाज फटाक्याएवढा. तीसुद्धा दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. रानडुकराला कोण सांगणार की बाबा, आचारसंहिता आसा, जरा थांब?

पुणेरी वकील:
झिलग्या, जमा करण्यातून सूट मागता येते. छाननी समितीकडे अर्ज केला होतास का?

कुडाळचो झिलगो:
केलेलो. उत्तर येईपर्यंत निकाल लागलो, गुलाल उधळून झालो. तोवर भात गेला, सुरण गेला. माझी आये रात्रभर डबे बडवत बसायची.

तिरपागडा:
धागा फुल-ऑटोचा आहे, सुरणाचा नाही.

कुडाळचो झिलगो:
तुका काय जाता बोलूक! तू भात बाजारातून आणतंस. रात्री मळ्यात एक दिवस काढून दाखव.

विदर्भवासी:
झिलगेभाऊंना पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे रोही (नीलगायी) नि डुकरं मिळून तूर साफ करतात. आणि बंदूक असून तरी काय? डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. ती हातात येईस्तोवर डुकराचे नातू शेतात.

जर्सीची सून:
मग त्यासाठी मशीनगन हवी का तुम्हाला?

विदर्भवासी:
ताई, एकनळी चालू स्थितीत मिळाली तरी पेढे वाटू.

पुणेरी वकील:
गाडी रुळावर आणतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात फुल-ऑटो म्हणजे निषिद्ध शस्त्र. साधा परवाना चालत नाही, केंद्राची खास मंजुरी हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बाळगली तर सात ते चौदा वर्षं. त्याच दुरुस्तीत माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला परवान्यातून ब्रिटिशकालीन सूट आहे, २०२९ पर्यंत वाढवलेली. ती मशीनगनला लागू नाही.

सडेतोड:
सात ते चौदा तुमच्याआमच्यासाठी. १९९३ ची एके-५६ आठवते? संजय दत्तला पाच वर्षं, त्यातही मधे मधे पॅरोल, फर्लो अशा तुरुंगातून सुट्ट्या. बाहेर आल्यावर हारतुरे. आणि ह्या कुडाळच्या माणसाला परवान्याच्या ठासणीसाठी हेलपाटे.

पुणेरी वकील:
ती शिक्षा जुन्या कायद्याची, आणि ती त्याने भोगली. फर्लो नियमात बसते.

सडेतोड:
नियमात बसते म्हणूनच तर चीड येते, साहेब.

ऑस्टिनकर:
बघा, माझंच म्हणणं सिद्ध होतंय. कागदाचा जाच होतो तो सरळमार्गी माणसाला.

तिरपागडा:
ओ, टोपी फिरवू नका! सकाळी नोंदणी, ठसे, मंजुरीचे गोडवे कोण गात होतं? अमेरिकेत कागद म्हणजे चालणारा कायदा आणि कुडाळात जाच?

ऑस्टिनकर:
…बरं, इथे सापडलो. पण ठासणी आणि एम-१६ एका तराजूत घालू नका. आणि सुपरमार्केटवाला तो परवाचा गडी कुठाय? धागा पेटवून देऊन पसार.

जर्सीची सून:
झिलग्या, ह्या खेपेला बंदूक परत मिळाली का?

कुडाळचो झिलगो:
ठाण्यात म्हणतत, जमा केल्याची पावती आण. पावती आये शोधता. डब्याखाली ठेवलेली म्हणता, कुठच्या डब्याखाली ता आठवत नाय.