वणव्याचा पैसा जानेवारीत लागतो

पळसफूल
काल इथे कुणीतरी लिहिलं की वणव्यासाठी वन खात्याला एक रुपयाही वाढवून देऊ नये. त्यापेक्षा राज्याने दोन हेलिकॉप्टर घ्यावीत आणि आग दिसली की वरून पाणी टाकावं. ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या चंद्रपूरच्या पानगळीच्या रानात आग जमिनीवरून सरकते. सागाच्या वाळक्या पानांवरून, फार तर गुडघ्याएवढी. तिला माणूस लागतो, पाला उडवणारा ब्लोअर किंवा हिरवी फांदी घेतलेला, आणि तोही पहिल्या तासात. त्याच्याआधी जाळरेषा लागते. दोन्ही कडांचं गवत कापायचं, मधला पट्टा वाळला की जाळायचा. हे सगळं 15 फेब्रुवारीच्या आत. खात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून, आणि सरकारचं वर्ष संपतं 31 मार्चला. ऐन आगीत जुनं अनुदान संपलेलं असतं, नवं यायचं असतं.

मी सहा वर्षं संयुक्त वन व्यवस्थापन समितीत होतो. एका वर्षी जाळरेषेचे पैसे मार्चअखेर आले, तोवर ते रान जळून काळं झालं होतं. आगीवर पाळत ठेवणाऱ्या फायर वॉचर पोरांना मजुरी गणपतीत मिळाली. पुढच्या हंगामात निम्मी पोरं आलीच नाहीत.

केंद्राच्या वणवा रोखण्याच्या योजनेत आपल्याला 60:40 चा वाटा (केंद्र 60, राज्य 40), आणि साऱ्या देशासाठी रक्कम वर्षाला 50 कोटींच्या आसपास. 2024 ला उत्तराखंडने 10 कोटी मागितले, 3.15 कोटी मिळाले. सर्वोच्च न्यायालयात हा विषय निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या बिनसर अभयारण्यात चार वन कर्मचारी जागीच होरपळून गेले.

हिशेबनीस
हेलिकॉप्टरचा हट्ट माझाही नाही, पण पैसे नाहीत हे मान्य नाही. 2019 ला कॅम्पातून, म्हणजे जंगल तोडल्याच्या भरपाईच्या निधीतून, महाराष्ट्राला 3,844 कोटी वर्ग झाले. वणवा रोखायला तो पैसा वापरता येतो. त्याच कॅम्पाच्या पैशातून उत्तराखंडमध्ये आयफोन, लॅपटॉप, फ्रीज घेतल्याचं कॅगने दाखवलं. बीटनिहाय (एकेका वनरक्षकाच्या हद्दीचा) हिशेब लोकांसमोर येईपर्यंत आणखी कर का भरायचा?

आणि काडी टाकतं कोण? तेंदूला नवा पाला फुटावा म्हणून, मोहाखालची जमीन साफ व्हावी म्हणून गावच रान पेटवतं. आधी ते थांबवा.

बावनदी
तुम्ही दोघं सरकारी जंगलाचं बोलताय. आमच्या रत्नागिरीत वन खात्याच्या ताब्यातलं रान नावालाच आहे, बाकी सगळं खाजगी मालकीचं. जाळरेषा नाही, वॉचर नाही, ब्लोअर नाही. माझी काजूची, वेंगुर्ला-4 ची 140 कलमं, सात वर्षांची, फेब्रुवारीत मोहोरावर होती. दुपारी वरच्या कातळावरून आग उतरली. दगडी गडग्यापाशी आम्ही चौघं ऐनाच्या फांद्या घेऊन झोडपत होतो. वारा फिरला आणि वीस मिनिटांत सगळं गेलं. पंचनामा झाला. पुढे उत्तर आलं की जागा खाजगी, आगीचं कारण अज्ञात. भरपाई शून्य.

हिशेबनीस
वाईट वाटलं. पण कोकणात भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजणं, कोण करतं? राब भाजायचा, गवत पेटवायचं आणि घरी जेवायला जायचं. तुमच्याच वाडीतल्या कुणाची तरी आग होती ती.

बावनदी
भाजावळ तुम्ही कधी पाहिली आहे का? माझे आजोबा राब भाजायचे तेव्हा सकाळी, वारा पडलेला असताना, कडेने ओला पाला आणि पाण्याच्या कळशा ठेवून. पाच माणसं उभी असायची. आज वाडीत म्हाताऱ्या आहेत आणि कुलपं आहेत. पडीक कातळावर कमरेएवढं गवत वाळतं, कारण ते कापणारा मुंबईला आहे. तुमच्या मते दोषी कोण, मी?

रानपाखरू
बावनदी, रागावू नका, पण हिशेबनीसांना मला सांगायचंय. माझे वडील वनरक्षक होते. त्यांच्या बुटाचे तळवे वितळून पायाला चिकटले होते. आई खोबरेल लावून ते सोडवायची. खात्याचे बूट दोन वर्षांतून एकदा मिळायचे. उपग्रहावरून आगीचा मेसेज आता मोबाइलवर येतो, पण त्यातला एक ठिपका 375 मीटरचा, आणि तिथे चालत जाणारा माणूस तोच एकटा. हिशेब जरूर मागा. पण तो मागताना त्याची मजुरी अडवू नका.

हिशेबनीस
मजुरी अडवा असं मी म्हटलेलंच नाही. वाडीबद्दल बोललो ते मागे घेतो, मला ते रान माहीत नाही. कॅम्पाचा हिशेब मात्र मी मागणारच.

पळसफूल
मागा, मीही सही करतो. फक्त गावावर सरसकट ठपका नको. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपानं तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी रान जाळावं लागतं. गाव बांबूवर चालतं. तिथे रानाचा हक्क लोकांकडे आहे, म्हणून ते राखतात. इतर गावांत ठेकेदार खुटकटाईचे, म्हणजे नवा पाला फुटावा म्हणून तेंदूची झुडपं छाटण्याचे, पैसे वाचवतो आणि आग लावून मोकळा होतो. ते पैसे ग्रामसभेच्या खात्यात डिसेंबरात टाका, मग बघा.

बावनदी, मालकी रानाचा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता. तिथे वन खात्याचं अनुदान पोचणारच नाही, हे कबूल.

बावनदी
आम्ही यंदा 15 जानेवारीला वरच्या गडग्याच्या कडेने पट्टा काढतोय. घरटी एक माणूस, मुंबईकरांनी मजुरी पाठवायची. गवतकापणी यंत्राच्या पेट्रोलसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिलाय. अजून उत्तर नाही.