मोठ्या संख्यांची वजाबाकी: मधली शून्ये आणि घरातल्या दोन पद्धती

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकते. तीन व चार अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी ती बऱ्यापैकी बिनचूक करते, परंतु संख्या लाखांच्या घरात गेल्यापासून तिची उत्तरे अशी चुकू लागली आहेत की त्यांत काही सुसंगती आहे की नाही हेच मला कळेनासे झाले आहे. तिला गंमत वाटावी म्हणून मी २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्यांच्या लोकसंख्या उदाहरणांसाठी घेतल्या. आमच्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ‘तीस लाख तीन हजार सातशे एकेचाळीस’ अशी तोंडी सांगितली असता तिने ३०३७४१ असे लिहिले, आणि त्यात तिला काहीही खटकले नाही. मग मी स्वतः ३०,०३,७४१ लिहून दिले व त्यातून रत्नागिरी जिल्ह्याची १६,१५,०६९ ही लोकसंख्या वजा करायला सांगितली. तिचे उत्तर २६,१२,७२८ आले.

दुसरी अडचण घरातली आहे. शाळेत ‘शेजारच्या घरातून उसना घेऊन तिथला अंक एकाने कमी करायचा’ असे शिकवतात, तर तिचे आजोबा वरच्या अंकाला हात न लावता ‘वरच्याला दहा, खालच्याला एक’ अशा रीतीने वजाबाकी करतात आणि तिलाही तसेच करायला सांगतात. त्यांचे उत्तर नेहमी बरोबर येते, पण का येते हे ते सांगू शकत नाहीत. अशा वेळी मुलीला कोणती पद्धत शिकवावी, आणि केवळ सराव वाढवल्याने हा प्रश्न सुटेल का, याबद्दल अनुभवी शिक्षकांनी व पालकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. आपल्या मुलीच्या उत्तरात सुसंगती नाही असे आपण म्हणता, पण ती आहे. एककापासून एकेक उभा स्तंभ पाहा: १ आणि ९ मधला फरक ८, ४ आणि ६ मधला २, ७ आणि ० मधला ७, ३ आणि ५ मधला २, ० आणि १ मधला १, ० आणि ६ मधला ६, ३ आणि १ मधला २. म्हणजे प्रत्येक स्तंभात कोणता अंक वर आहे याची फिकीर न करता तिने लहान अंक मोठ्यातून वजा केला आहे. ही चूक फार नेहमीची असून ती हिशेबातली नाही, समजुतीतली आहे: मुलीला समोर सात अंकी एक संख्या दिसत नसून शेजारी शेजारी उभे असलेले सात सुटे अंक दिसत आहेत. त्यामुळे तशीच आणखी शंभर उदाहरणे सोडवून घेतली, तर हीच सवय पक्की होण्याची भीती अधिक.

लाखांकडे परत जाण्यापूर्वी तिला एक छोटा प्रश्न विचारून पाहा: ‘३,२४६ मध्ये एकूण दशक किती?’ बहुतेक मुले ‘चार’ म्हणतात. चार हा दशकस्थानचा अंक झाला. त्या संख्येत एकूण दशक ३२४ आहेत आणि वर ६ सुटे आहेत. स्थानिक किंमत व दर्शनी किंमत यांच्या व्याख्या तोंडपाठ असलेली मुलेही इथे अडखळतात, आणि माझ्या मते शून्यांची वजाबाकी अडते ती नेमकी याच जागी. ४,००० मधून १,८६७ वजा करताना मुले एककाकडून दशकाकडे, दशकाकडून शतकाकडे उसने मागत जातात, प्रत्येक शून्यावर खोडून ९ लिहितात आणि मध्येच कुठे तरी एक ९ लिहायचा राहून जातो. त्याऐवजी ४,००० म्हणजे ४०० दशक हे ज्या मुलाला दिसते, ते त्यातला एकच दशक मोडते. उरले ३९९ दशक आणि १० सुटे. दहातून सात गेले, तीन उरले, ३९९ मधून १८६ गेले, २१३ उरले, उत्तर २,१३३. सगळे उसने एकाच पायरीत उरकतात.

हीच दृष्टी लाखांवर वापरा. आपल्या लेखनपद्धतीत स्वल्पविराम संख्येची घरे पाडतात: उजवीकडचे पहिले घर तीन अंकांचे, त्यानंतर हजारांचे दोन अंकांचे, लाखांचे दोन अंकांचे. मुलीला ३०,०३,७४१ ही संख्या ‘३० लाख, ०३ हजार, ७४१’ अशी तीन घरांत लिहू द्या आणि वजाबाकीही घराघराने करू द्या. ७४१ मधून ६९ गेले, ६७२ उरले. तीन हजारांतून पंधरा हजार जात नाहीत, म्हणून एक लाख मोडायचा. एक लाख म्हणजे शंभर हजार, तेव्हा हजारांच्या घरात १०३ झाले, त्यातून १५ गेले, ८८ उरले. लाखांच्या घरात २९ शिल्लक आहेत, त्यातून १६ गेले, १३ उरले. उत्तर १३,८८,६७२. सात अंकांची वजाबाकी तीन लहान वजाबाक्यांत झाली आणि ज्या दोन शून्यांनी गोंधळ घातला होता, त्यांना वेगळे हाताळावेही लागले नाही.

लेखनातली चूकही याच वाटेने सुटते. सर्वांत डावीकडचे घर सोडले तर कोणतेही घर अर्धे भरलेले चालत नाही, एवढा एकच नियम तिला द्या. ‘तीन हजार’ ऐकले आणि त्याच्या डावीकडे लाख असतील, तर हजारांच्या घरात ०३ लिहिलेच पाहिजे. हजार अजिबात उच्चारले गेले नाहीत, तर ००.

साधनांबद्दल एक सूचना. खेळातल्या नोटा वापरायच्या असतील तर १, १०, १००, १,०००, १०,००० आणि १ लाख एवढ्याच चिठ्ठ्या घरी कागदाच्या करून घ्या. बाजारातल्या नोटांसारख्या २०, ५०, २००, ५०० च्या नोटा त्यात मिसळल्या की ‘दहांचा एक’ हा एकमेव नियम मोडतो. शिवाय हजाराची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनातून गेल्यामुळे आताच्या पाचवीतल्या मुलांना ती व्यवहारात वापरलेली आठवतही नाही.

निवृत्त मास्तर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण आजोबांच्या पद्धतीची बाजू कुणीतरी मांडायला हवी. आमच्या पिढीतले अनेक जण हीच रीत शिकले आणि तिच्यात दोष काहीही नाही. तिचे कारण मात्र वर्गात क्वचितच सांगितले जात असे. वडील आणि मुलगा यांच्या वयांतला फरक दहा वर्षांनीही तेवढाच राहतो, कारण दोघांचीही वये सारखीच वाढतात. वजाबाकीतही वरच्या आणि खालच्या संख्येत सारखीच भर घातली तर उत्तर बदलत नाही. वरच्या संख्येत दहा सुटे घातले आणि खालच्या संख्येत एक दशक घातला, तर दोन्हींत दहाचीच भर पडली. ‘वरच्याला दहा, खालच्याला एक’ याचा अर्थ एवढाच.

आपलेच उदाहरण या रीतीने करून पाहा. ११ मधून ९, उरले २. खालच्या ६ चे ७ झाले, १४ मधून ७, उरले ७. खालच्या शून्याचा १ झाला, ७ मधून १, उरले ६. १३ मधून ५, उरले ८. खालच्या १ चे २ झाले, १० मधून २, उरले ८. खालच्या ६ चे ७ झाले, १० मधून ७, उरले ३. खालच्या १ चे २ झाले, ३ मधून २, उरला १. डावीकडून वाचा: १३,८८,६७२. वर कितीही शून्ये ओळीने आली तरी या रीतीत मागे मागे उसने मागत जावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. उणीव अशी की चिठ्ठ्या किंवा गठ्ठे वापरून ती दाखवणे अवघड जाते, कारण इथे काही मोडले जात नाही, दोन्हीकडे बाहेरून भर घातली जाते. म्हणून शाळेची रीत मुलीला आधी समजू द्यावी. ती पक्की झाली की आजोबांनी आपली रीत शिकवावी आणि त्या वेळी वयांच्या फरकाचे कारणही जरूर सांगावे. एकाच आठवड्यात दोन्ही रीती शिकवल्या तर मूल वरचा अंकही कमी करते आणि खालचाही वाढवते. असा घोटाळा मी वर्गात अनेकदा पाहिला आहे.

पाढेपाठ

घरांच्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शंभरपर्यंतच्या संख्या मुलीला ऐकताक्षणी लिहिता येतात. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर ऐकू येतात, तर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ ही नावे लिहायच्या दशकाऐवजी त्याच्या पुढच्या दशकावरून पडलेली आहेत. दुसरीत ५९ च्या जागी ६९ लिहिणारे मूल पाचवीत ५९ लाखांच्या जागी ६९ लाख लिहिते आणि मग सगळे खापर मोठ्या संख्यांवर फुटते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पर्यायी रीत दिली तेव्हा राज्यात बराच गदारोळ झाला होता. रूढ नावे सोडावीत असे मला मुळीच वाटत नाही, पण मूल अडखळते तेव्हा ‘एकोणसाठ म्हणजे पन्नास नऊ’ असा क्षणभराचा आधार देण्यात गैर काय, हे मला तेव्हाही समजले नव्हते. आधी केवळ दोन अंकी संख्यांचे श्रुतलेखन घेऊन पाहावे.

उत्तर लिहिण्याआधी अंदाज करण्याची सवयही लावावी. तीस लाखांतून सोळा लाख गेले तर सुमारे चौदा लाख उरतील, हे तोंडी सांगता येणारे मूल २६,१२,७२८ हे उत्तर स्वतःच खोडेल.

दूरदेशी

आम्ही अमेरिकेत राहतो आणि आमच्या मुलाला शाळेत तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देऊन संख्या लिहायला शिकवतात. साताऱ्याची लोकसंख्या त्याच्या वहीत ३,००३,७४१ अशी दिसते, आणि आजी फोनवर ‘तीस लाख’ म्हणाली की तो गोंधळतो. खडूफळा यांची घरांची कल्पना त्याच्या पद्धतीतही चालते का, हे आज करून पाहिले. ७४१ मधून ६९ गेले, ६७२. पुढच्या घरात एक मिलियन मोडून १,००३ हजार झाले, त्यातून ६१५ गेले, ३८८. शेवटी २ मधून १ गेला, १. उत्तर १,३८८,६७२ आले, म्हणजे अंक तेच, फक्त स्वल्पविराम वेगळ्या जागी. दोन्ही पद्धती शिकणाऱ्या मुलांना एवढेच सांगावे लागते की आपल्याकडे लाखाचे घर मोडले की शंभर हजार मिळतात आणि तिकडे मिलियनचे घर मोडले की हजार हजार मिळतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला ‘३,२४६ मध्ये एकूण दशक किती’ हा प्रश्न विचारला आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे ‘चार’ असेच आले, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे स्पष्ट झाले. दोन शंका उरल्या आहेत. बेरजेतही घरांची पद्धत वापरावी का? आणि परीक्षेत अशी मांडणी केल्यास गुण कापले जातील का?

खडूफळा

बेरजेत जरूर वापरावी, कारण हातचा म्हणजे काय हे तिथे उघड दिसते. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१ घ्या. पहिल्या घरात ६५२ झाले. हजारांच्या घरात ७६ आणि ४९ मिळून १२५ हजार झाले, पण त्या घरात दोनच अंक मावतात. १२५ हजार म्हणजे १ लाख २५ हजार, म्हणून २५ तिथे ठेवून १ लाख शेजारी पाठवायचा. ३८, ८ आणि तो १ मिळून ४७. उत्तर ४७,२५,६५२. हा ‘एक’ एक लाखाचा आहे हे तिने तोंडाने म्हटले पाहिजे. नुसते ‘हातचा एक’ म्हणून पुढे जाऊ देऊ नका.

परीक्षेचे म्हणाल तर शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायी असते, तेव्हा कच्च्या कामात कोणती रीत वापरली हे कुणी पाहत नाही. शाळेच्या परीक्षेत मात्र नेहमीची उभी मांडणीच करावी आणि स्वल्पविरामांच्या जागी वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने फिक्या उभ्या रेघा ओढाव्यात. मांडणी पुस्तकातलीच राहते, घरेही दिसतात. तरीही शंका वाटत असेल तर वर्गशिक्षकांना वही आधीच दाखवून ठेवा.