मदत हवी आहे: काँगो बळकावण्यामागचा मूळ हेतू कोणता मानावा?

साम्राज्यवादाच्या काळाचा अभ्यास करताना मी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या काँगोपाशी अडलो आहे. आफ्रिकेतील वसाहतींचे नियम ठरवण्यासाठी युरोपीय सत्तांनी भरवलेल्या १८८४-८५च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास गुलामांचा व्यापार थांबवण्याची भाषा करत त्याने हा प्रदेश मिळवला, तोही देशासाठी नव्हे, तर स्वतःच्या ताब्यात; आणि पुढे रबरासाठी तिथल्या माणसांवर जी सक्ती झाली, बायका ओलीस ठेवल्या गेल्या, हात तोडले गेले, ते वाचून मन सुन्न होते. मात्र रबराची तेजी १८९०नंतरची, हवा भरलेल्या टायरांमुळे आलेली. मग सुरुवातीला हस्तिदंताचा नफा पुरेसा होता, की वसाहत नसलेल्या लहान देशाच्या राजाची प्रतिष्ठेची ओढ अधिक प्रबळ होती? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.