मदत हवी आहे: होडीतून ओहोटीबरोबर खाली जायला आणि गरी (गळ) टाकायला सोबत हवी

खाडीपार
दोन जण हवेत, फार तर तीन. येत्या पौर्णिमेला लागून शनिवार-रविवार आहे. होडी सोडून पाण्याबरोबर खाली जायचं, वाटेत गरी टाकायची, मधे एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मुखाशी उतरायचं. इंजिन लावायचं नाही. घरघर सुरू झाली की मासा तळाशी जातो आणि आपण नुसते प्रवासी उरतो. होडीचं जवळजवळ ठरलंय. गरी, तंगूस (गळाची दोरी), शिसं सगळं आहे. ओळखीतल्या सगळ्यांना विचारून झालं, "बघू"च्या पुढे कोणी सरकत नाही. दारू पिणारे आणि स्पीकर आणणारे नकोत. लवकर सांगा, होडीवाल्याला शब्द द्यायचाय.

पक्या_रोहा
भाऊ, कोलाडला या! सोबत शोधायची गरजच नाही, राफ्टमध्ये आपोआप सात-आठ जण असतात. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत सोडतात, म्हणून उन्हाळ्यातही नदी उसळत असते. फक्त सकाळी लवकर पोचा, पाणी सुटण्याची वेळ गाठावी लागते. आम्ही चार वेळा गेलो, चारही वेळा मजा आली.

खाडीपार
मला उसळत्या पाण्यात भिजायचं नाही. मासे धरायचेत, तेही शांतपणे.

पाऊणपट
कुठली नदी ते लिहिलेलंच नाही. "मुखाशी" म्हणताय म्हणजे खाडी असणार. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, प्रत्येकीचं पाणी वेगळं. होडी लाकडाची की फायबरची? किती माणसांची? आधी कधी गेलायत का?

खाडीपार
वाशिष्ठी. गोवळकोट ते दाभोळ. होडी फायबरची, चार माणसांची. लहानपणापासून तीन-चारदा जाणं झालंय, पण तेव्हा बाबा सुकाणूवर असायचे. आता त्यांचे गुडघे होडीत चढू देत नाहीत. येणार का कोणी, एवढंच सांगा.

चिपळूणकर_७१
वाशिष्ठीत मगरी आहेत हे माहीत आहे ना? गोवळकोटच्या धक्क्यावरून मगर दाखवायला बोटी सुटतात. तिथून तुम्ही कमरेएवढ्या उंचीच्या होडीत रात्र काढणार? हा बेत सोडा.

नदीकाठी
उगाच घाबरवू नका. पागायला (फेकजाळ्याने मासे धरायला) रोज माणसं पाण्यात उतरतात, तेही कमरेपर्यंत. आमच्या वाडीत एवढ्या वर्षांत कोणाला काही झालेलं नाही.

चिपळूणकर_७१
तुमच्या वाडीत झालं नाही म्हणून होणारच नाही असं नाही. माघ-फाल्गुनात मगरीण काठावर अंडी घालते. त्या दिवसांत वाळूच्या आणि मऊ मातीच्या काठावर तंबू ठोकणं म्हणजे तिच्या दारात झोपणं. मासे साफ करून पोटं होडीच्या कडेलाच टाकायची सवय असते लोकांना, तीही धोक्याची. मी मगरीच्या विरोधात नाही. १९७२च्या कायद्याने तिला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. नदी तिची आहे, म्हणून आपण जपून वागायचं.

नदीकाठी
काठावर झोपू नका हे मान्य. मुक्काम गावात करा, मालदोलीच्या बाजूला वस्ती आहे. "बेत सोडा" हे मात्र मान्य नाही.

बो_नदीवरून
मी कॅनडात कॅलगरीत राहतो, मूळचा सातारचा. इथे बो नदीवर ड्रिफ्ट बोटीतून ट्राउट धरणं हा मोठा छंद आहे. एक माणूस वल्ह्यावर, दोघे गळावर, आणि तासाभराने जागा बदलायच्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक गाडी आधीच खालच्या टोकाला नेऊन ठेवायची, नाहीतर उतरल्यावर वरची गाडी आणायला अख्खी संध्याकाळ जाते. तुम्ही दाभोळहून परत कसे येणार? आणि मासा धरला की गरी काढून परत सोडावा, ही सवय आपल्याकडेही लागायला हवी. गरीचा काटा आधीच पक्कडीने चेपून ठेवला तर माशाला जखमही कमी होते.

तिखलं_भाकरी
सोडायचा कशाला? खाडीची तांबोशी मिळाली तर ती सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. ओलं खोबरं, लाल मिरची, धने आणि शेवटी ठेचलेली चार तिरफळं. चिंच नको, आमसूलच.

अलिबागची_आत्या
तांबोशीला तिरफळ? तिरफळ बांगड्याला. आणि खाडीचा राजा म्हणाल तर जिताडा. रेवदंड्याकडे या, तिथला जिताडा खाल्लात तर वाशिष्ठीचं नाव काढणार नाही.

तिखलं_भाकरी
आमच्याकडे सगळ्या तेलकट माशांना तिरफळ घालतात, आत्या.

अलिबागची_आत्या
तांबोशी तेलकट नाही, बाळा.

देवमासा
धरून सोडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानतात, कोणी गळ टाकत नाही. चुरमुरे टाकले की हाताएवढे मासे वर येतात, पाणी काळं होतं नुसतं. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेतही तसंच. माणसांनी ठरवलं तर मासा टिकतो, त्याला कायद्याचीही गरज लागत नाही. आपण सगळेच गरी बाजूला ठेवून नुसतं बघायला गेलो तर?

खाडीपार
वाळण कोंड बघितलाय, फार सुंदर आहे. पण मी विचारलंय वेगळंच. दोन दिवसांत एकानेही "येतो" म्हटलेलं नाही. परतीचं सांगते: आत्येभाऊ दाभोळला न्यायला येणार आहे. आणि पोटापुरते दोन मासे ठेवणार, बाकी सोडणार. झालं समाधान? मी मागच्या वर्षी एका ग्रुपबरोबर गेले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी बाटल्या काढल्या, गाणी लावली, आणि मी बोलले तर "तू कशाला आलीस मग" म्हणाले. म्हणून यंदा आधीच सगळं स्पष्ट लिहिलं.

पक्या_रोहा
सॉरी ताई, भाऊ म्हटलं मघाशी. एकट्या बाईने असं जाणं...

खाडीपार
एकटीने जायचं नाही म्हणूनच तर विचारतेय.

पाऊणपट
ताई, सोबतीचं होईल, पण तुमचा दिवस चुकलाय. ते आधी बघा. बाबा सुकाणूवर होते म्हणजे तिथी तेच बघत असणार.

तिथीची पाऊणपट केली की मुखाशी पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. दाभोळला सव्वाअकराला भरलं की वर गोवळकोटला त्याच्याही तास-दीड तासाने भरतं. म्हणजे तुम्ही धक्का सोडणार पाऊण-एकला. ओहोटी सहा तास धरली तरी अंधार पडेपर्यंत तुम्ही पाण्यातच. शिवाय दुपारी समुद्राकडून वारा येतो तो थेट तोंडावर. हलकी फायबर होडी उधाणाच्या ओहोटीतही त्या वाऱ्यापुढे अडते, आडवी होते. मी स्वतः मालदोलीच्या वर असा दोन तास एकाच कांदळासमोर (खारफुटीसमोर) वल्ही मारत होतो.

सप्तमी-अष्टमीला ओहोटी सकाळी मिळते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ नसते. आपल्या किनाऱ्यावर हे असंच आहे: ओढ असते तेव्हा वेळ दुपारची, आणि वेळ सकाळची मिळते तेव्हा ओढ नाही. मधला दिवस पकडायचा. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, गोवळकोटला पावणेदहाच्या सुमारास. पावणेचारपर्यंत पाणी खाली.

दुसरं, अंतर. गोवळकोट ते दाभोळ ४० किलोमीटरच्या आसपास. नुसत्या वाहण्याने तासाला ३ किलोमीटर धरले तर एका ओहोटीत १८. दोन ओहोट्यांचे ३६, बाकी वल्ह्यावर. म्हणजे तुमचा दोन दिवसांचा हिशोब बरोबर आहे, पण मधे थांबून तासन्‌तास गरी टाकायला मोकळीक नाही. चालत्या पाण्यातच टाका. आणि इंजिन होडीवर असू द्या, वर उचलून ठेवा. लावू नका, पण असू द्या.

नदीकाठी
२०२१च्या पुरानंतर चिपळूणच्या आसपास गाळ काढलाय. वरच्या टप्प्यात जुनी खोल-उथळ जागा धरून चालू नका. होडीवाल्याला विचारा.

खाडीपार
पाऊणपट काका, मनापासून आभार. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "हे मी तुला कधी सांगितलं नाही का?" नव्हतं सांगितलं. सांगायची वेळच आली नाही, तेच न्यायचे ना.

मला आठवतं ते वेगळंच. तंगूस पहिल्या बोटावरून सोडलेला, वल्ही आत घेतलेली, होडी आपसूक कांदळाच्या कडेने चाललेली. बोयटं मासे उडायचे, टप् टप्. मग बोटावर एक बारीक ठोका, मग काही नाही, आणि मग एकदम तंगूस बोट कापेल असा खेचला जायचा. बाबा म्हणायचे, "तांबोशी आहे, मुळात शिरू देऊ नको." एकदा शिरू दिली, तंगूस खारफुटीच्या मुळाला घासून तुटला. मी नऊ वर्षांची होते, रडले होते. ते परत करायचंय मला. म्हणून घाई.

इंजिन राहील होडीवर. दिवस बदलते, रजा टाकते. एकादशीला कोण येणार?

गुहागरची_मंदा
हे वाचून लिहावंसं वाटलं. मी येईन. वय ५२, शाळेत शिकवते, माझे वडीलही पागायला न्यायचे. गरी मला जमते, पाग फेकताही येतो. पण एकादशीला मी मासा धरत नाही, खातही नाही. द्वादशी-त्रयोदशी जमेल का? दोघी असलो तर होडीवाल्याच्या घरचेही निश्चिंत राहतील. मालदोलीला माझी मैत्रीण राहते, रात्री तिच्याकडे उतरू, काठावर झोपायचा प्रश्नच नाही.

पाऊणपट
द्वादशी उलट बरी. १२ ची पाऊणपट ९, गोवळकोटला साडेदहा, साडेचारपर्यंत ओहोटी. त्रयोदशीला मुखाशी पावणेदहा. पौर्णिमेकडे जाताय म्हणून ओढही वाढती. शुद्ध पक्ष आहे, संध्याकाळी उजेड असेल. फक्त दुपारी दोननंतर वारा धरून चाला.

खाडीपार
मंदाताई, जमेल! व्यनि (खासगी निरोप) केला आहे. होडीवाल्याला आत्ताच फोन लावते. जिवंत कोळंबी मी सकाळी घेऊन येते, तुम्ही पाग आणा.

तिखलं_भाकरी
तांबोशी मिळाली तर तिरफळ घालून बघा आणि इथे सांगा.

चिपळूणकर_७१
लाइफ जॅकेट दोन नव्हे, होडीवाल्यासकट तीन न्या. आणि एक विचारायचं राहिलं सगळ्यांचंच. पोहता येतं का दोघींना?

गुहागरची_मंदा
मला येतं.

खाडीपार
मला तळ्यात येतं. वाहत्या पाण्यात कधी पोहले नाही. जॅकेट धक्क्यावरच घालीन आणि दाभोळला उतरेपर्यंत काढणार नाही.