मदत हवी आहे : चुन्याच्या जुन्या गिलाव्यातील खनिजांसाठी अवरक्त संदर्भ वर्णपट कुठे मिळतील?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दापोली तालुक्यातील एका जुन्या घराची डागडुजी सुरू असताना मालकांच्या परवानगीने आम्ही गिलाव्याचे, दर्जांमधील चुन्याचे आणि जांभ्याच्या चिऱ्यांचे थोडे नमुने घेतले. पूर्वी शिंपले भाजून चुना करत असत असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, आणि नवा गिलावा जुन्याच्या जातीचाच असावा अशी त्यांची इच्छा आहे. म्हणून मूळ मिश्रणात काय होते हे जाणून घेण्याचा प्रकल्प एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला आहे.

आमच्याकडे ४००० ते ४०० प्रति सेंमी या पट्ट्यात अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजणारे एफटीआयआर यंत्र आणि हिऱ्याचा एटीआर (नमुना हिऱ्यावर दाबून थेट मोजण्याची जोडणी) आहे. यंत्रासोबत आलेला संदर्भसंच मात्र प्लास्टिक, औषधे आणि द्रावके यांचाच असल्यामुळे गिलाव्यासाठी त्याने 'रंगातील भरण' असे उत्तर दिले. तेही बऱ्याचदा कॅल्साइटच (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) असते, त्यामुळे उत्तर चुकीचे नाही, पण आमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. विकतचे खनिजसंच आमच्या आवाक्याबाहेर आहेत.

१४२०, ८७३ आणि ७१२ ही शिखरे कॅल्साइटची, हे आम्हाला ओळखता आले. ३६९५ आणि ३६२० येथील शिखरे केओलिनाइट या मातीच्या खनिजाची वाटतात. पण ३५२५ जवळचे शिखर कशाचे, आणि ७९५ च्या आसपासचे शिखर वाळूतील क्वार्ट्झचे की जांभ्यातील गोएथाइट या लोहखनिजाचे, हे ठरत नाही. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचा वर्णपटसंग्रह उतरवून घेतला, परंतु त्यातील आलेख आमच्या आलेखांशी जुळवायचे कसे, हेच कळले नाही. मोफत आणि विश्वासार्ह संदर्भ कुठे मिळतील, हे कृपया सांगावे.

उत्तर

सर, यूएसजीएसचा संग्रह उत्तम आहे, पण तो मुख्यतः दूरसंवेदनासाठी तयार झालेला आहे. त्यातील बहुतेक नोंदी ०.३५ ते २.५ मायक्रॉन या पट्ट्यातील परावर्तनाच्या आहेत. दहा हजारला मायक्रॉनने भागले की तरंगसंख्या मिळते. म्हणजे आपले ४००० प्रति सेंमी हे २.५ मायक्रॉन होतात, आणि जिथे त्या नोंदी संपतात तिथे आपला पट्टा सुरू होतो. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या इकोस्ट्रेस संग्रहात सुमारे १५ मायक्रॉनपर्यंतची मोजमापे आहेत, पण तीही परावर्तनाची. परावर्तनात तीव्र शोषणाच्या जागी उलट उंचवटा दिसू शकतो, त्यामुळे ते आलेख एटीआरच्या आलेखांवर थेट ठेवून पाहू नयेत.

आपल्या कामासाठी आरआरयूएफएफ (RRUFF) हा प्रकल्प पाहावा. ॲरिझोना विद्यापीठात सुरू झालेल्या या संग्रहातील खनिजांची ओळख क्ष-किरण विवर्तनाने आणि रासायनिक विश्लेषणाने पडताळलेली असते, अवरक्त वर्णपट चूर्णावर एटीआरनेच घेतलेले आहेत आणि आकडे मजकूर-फाइल म्हणून मोफत उतरवता येतात. गिलाव्यात तेल, राळ किंवा डिंक शोधायचा असेल तर कलावस्तू व वास्तूंच्या अभ्यासकांचा आयआरयूजी (IRUG) हा संग्रह उपयोगी पडेल. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचे वेबबुक आणि जपानचा एसडीबीएस हा वर्णपटसंग्रह यांचा भर मुख्यतः सेंद्रिय संयुगांवर आहे. खनिजांसाठी तिथे वेळ घालवू नये.

३५२५ चे शिखर बहुधा गिब्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजाचे असावे. जांभ्यात ते अपेक्षितच आहे. ३६२० हे शिखर केओलिनाइट आणि गिब्साइट दोघांचेही असल्याने त्यावर निर्णय टेकवू नका. ३६९५ पहिल्यासाठी आणि ३५२५ दुसऱ्यासाठी पाहा. क्वार्ट्झ असेल तर ७९८ आणि ७७९ अशी जोडी दिसेल, गोएथाइट असेल तर ७९५ सोबत ८९० जवळही शिखर हवे. मात्र ते कॅल्साइटच्या ८७३ च्या खांद्यात लपू शकते, म्हणून पातळ आम्लाने कार्बोनेट काढून उरलेला भाग धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळ्या शक्यतो टाळा. आपल्याकडच्या हवेत ते मीठ ओल धरते आणि ३४४० व १६३० जवळ पाण्याचे पट्टे येऊन नेमका हायड्रॉक्सिलचा (खनिजांतील ओ-एच गटांचा) भाग झाकतात.

शिंपल्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. शिंपला पुरता भाजून विरवलेला चुना हवेत पुन्हा कॅल्साइटच होतो, त्यामुळे केवळ कॅल्साइटवरून तो शिंपल्यांचा की चुनखडीचा हे कळत नाही. ८५७ आणि ७०० येथे ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचेच दुसरे खनिजरूप) दिसला, तर न भाजलेल्या शिंपल्याचे कण असण्याची शक्यता आहे. पण ते समुद्राच्या वाळूतूनही आलेले असू शकतात. शिवाय कालवांचे कवच प्रामुख्याने कॅल्साइटचेच असते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आम्लाने धुतलेल्या नमुन्यात ७९८ आणि ७७९ ची जोडी स्पष्ट दिसली, आणि ८९० जवळही लहान शिखर आहे. म्हणजे वाळू आणि जांभ्याची भुकटी दोन्ही आहेत. गिलाव्यातून वेचलेल्या पांढऱ्या कणांत ८५७ आढळले, पण आपण म्हणता त्याप्रमाणे त्यावरून निष्कर्ष काढणार नाही. किनाऱ्यावर कोणाच्या गावी शिंपल्यांचा चुना अजूनही भाजला जात असेल, तर ताज्या चुन्याचा चमचाभर नमुना, कोणते शिंपले वापरले त्या माहितीसह, मिळू शकेल का? आमचा स्वतःचा संदर्भ वर्णपट त्यावरूनच तयार करावा लागेल.