नव्या गाडीवर चरे पडतात ते रोजच्या पुसण्याने. कोटिंगआधी फडकं बंद करा

कासारवडवलीकर:
दसऱ्याला गाडी आली, गडद निळी. जानेवारीत एकदा पोडियम पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली बॉनेटकडे तिरकं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे, पार छपरापर्यंत. गाडी कुठे घासली नाही, कुणाला लागली नाही. शोरूममध्ये दाखवली तर म्हणाले, सिरॅमिक कोटिंग करून घ्या, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर.

मी आधी कारण शोधायचं ठरवलं. तीन दिवस पहाटे साडेपाचला खाली जाऊन उभा राहिलो. गाड्या पुसणारे काका एक बादली आणि जुन्या बनियनचं एक फडकं घेऊन चौदा गाड्या पुसतात. माझी नववी. आठवी झाल्यावर मी बादलीत हात घातला, तळाशी रेती लागली. घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, शिवाय कोलशेत, ओवळा, जिकडे बघाल तिकडे टॉवर उभे राहतायत. गाडीवर बसते ती मऊ माती नव्हे, सिमेंट आणि खडीची भुकटी. ती फडक्याखाली दाबून रोज गोल फिरवली तर दुसरं काय होणार?

माझं मत स्पष्ट आहे. नव्या गाडीचं पहिल्या वर्षी कोटिंग नाही केलं तरी चालेल, रोजचं पुसणं बंद झालंच पाहिजे. मी केलंय. आठवड्यातून एकदा धुतो, बाकी दिवस धूळ तशीच राहू देतो.

नेरुळ सेक्टर १९:
हे मुळीच पटलं नाही. माझी पार्किंगची जागा उघड्यावर, वर पर्जन्यवृक्ष, त्यावर कबुतरं आणि कावळे. विष्ठा आठवडाभर ठेवा बॉनेटवर, मग बघा. त्यातल्या आम्लाने उन्हात दोन दिवसांत रंगावर खड्डा पडल्यासारखा डाग उमटतो आणि तो बारीक चऱ्यापेक्षा वाईट, पॉलिशनेही पुरता जात नाही. माझ्या आधीच्या गाडीच्या छतावर असे सात डाग होते. रोज गाडीवर हात फिरला की हे वेळेत दिसतं.

शिवाय पाण्याचं काय? आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी आहे, तरी पाइप सोडून गाडी धुणं मला पटत नाही. तुमच्या घोडबंदरला तर उन्हाळ्यात टँकर लागतात.

कासारवडवलीकर:
विष्ठेचं शंभर टक्के मान्य. पण तिथे पुसायचं नसतं, भिजवायचं असतं. ओला कपडा त्या डागावर दोन-तीन मिनिटं ठेवायचा, मऊ झालं की वरच्या वर उचलायचं. त्यासाठी अख्खी गाडी फडक्याने का घासायची?

पाणी मी मोजलंय. झाडांना फवारायचा पाच लिटरचा पंप आणि दोन बादल्या, एवढ्यात भागतं. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शॅम्पूत बुडवायचा. टँकरचं पाणी मात्र गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. लगेच टिपून घ्या.

वागळे इस्टेट वर्कशॉप:
मी हेच काम करतो, गाडी पॉलिश आणि डेंट-पेंट. धंदा कोटिंगचाही आहे, तरी जे आहे ते सांगतो.

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे वहीच्या एक-दीड पानाएवढी. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुम्ही म्हणता ते जाळं या क्लिअर कोटच्या वरच्या वरच असतं. चरा किती खोल ते घरी बघता येतं. त्यावर पाणी लावा. पाण्याने दिसेनासा झाला तर तो वरवरचा, पॉलिशने निघतो. नख आडवं फिरवल्यावर अडकलं तर पॉलिशने जाणार नाही, टच-अप लागेल, म्हणजे तेवढ्या जागी नवा रंग भरावा लागेल. खाली पांढरट प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी करून घ्या. खाडीच्या हवेत उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही.

आता सिरॅमिक. गिऱ्हाईक ‘नाइन एच’ ऐकून येतं आणि समजतं की गाडी आता दगडासारखी झाली. ती पेन्सिलच्या शिशाची मोजपट्टी आहे. रेतीचा कण त्याला जुमानत नाही. कोटिंगने पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, हा फायदा खरा आहे. पण ओरखडा अडवायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म असते, मार ती खाते, खालचा रंग वाचतो. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने आपोआप बुजतात.

आणि कृपा करून दर सर्व्हिसला पॉलिश मारून घेऊ नका. हलक्या हाताने केलं तरी एका वेळी एक ते तीन मायक्रॉन क्लिअर कोट जातो, तो परत येत नाही. मशीन हातात असलेला प्रत्येक जण हलक्या हाताने करतोच असंही नाही. पातळ झालेला क्लिअर कोट चार-पाच उन्हाळ्यांत सोलवटतो. छपरावर पांढरे चट्टे पडलेल्या गाड्या आपण रस्त्यावर बघतोच.

सानपाडा सेक्टर ८:
ताईचं मत ऐकणार का? अख्ख्या गाडीला चांगली पीपीएफ म्हणजे लाखाच्या घरातला खर्च. दहा लाखांच्या गाडीवर? तेवढ्यात टायरचे दोन सेट आणि वर्षाचा विमा निघतो. बाबांची गाडी अकरा वर्षं चालली, कधी पॉलिश केलं नाही, विकताना कोणी जाळं बघितलं नाही. इंजिन बघितलं, सर्व्हिसचे कागद बघितले. गाडीला हात लागला की जीव कासावीस व्हायचा, असं मला जगायचं नाही.

आणि दुसरं, मला लागलं म्हणून लिहिते. त्या काकांकडे जुनं फडकं आहे कारण चौदा घरांपैकी एकानेही त्यांना चांगलं दिलेलं नाही. महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन पहाटे गाडी चकचकीत मागायची आणि चऱ्यांचं खापर त्यांच्यावर फोडायचं, हे बरोबर नाही. तुम्ही पुसणं बंद केलंत, त्यांचे पैसेही बंद केलेत का?

कासारवडवलीकर:
नाही ताई. पैसे तेवढेच चालू आहेत, आता ते आठवड्यातून एकदा माझ्यासोबत गाडी धुतात. पण बोललात ते योग्य आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. मायक्रोफायबरची कापडं आणि दुसरी बादली मी घेऊन दिली. दर गाडीला नवं कापड घ्यायचं हे त्यांना एकदा सांगितलं, लगेच पटलं.

दारांच्या कडीजवळचे चरे मात्र त्यांचे नाहीत. खोबणीत आमच्याच नखांचे आणि अंगठ्यांचे आहेत. तिथे फिल्मचे छोटे तुकडे लावलेत, तो खर्च अगदीच किरकोळ.

नौपाडा:
दसऱ्याला आलेली गाडी म्हणालात म्हणून आठवलं. झेंडूचा हार बॉनेटवर आडवा बांधला होता का? आमच्या गाडीचा पहिला चरा त्या हाराच्या तारेचा. शोरूमपासून राम मारुती रोडपर्यंत वाऱ्याने तार घासत आली आणि बॉनेटच्या कडेला वीतभर पांढरी रेघ पडली. हार दोऱ्यातलाच घ्या, पूजा झाली की काढून ठेवा. कुंकवाचं स्वस्तिक कोरडं पुसू नका, पाण्याने ओघळवा.

खारघर:
मी कव्हर घालतो. संपला विषय.

वागळे इस्टेट वर्कशॉप:
बंद गॅरेजमध्ये स्वच्छ गाडीवर घालत असाल तर उत्तम. रस्त्याकडेला धुळीच्या गाडीवर घालत असाल तर वाऱ्याने ते कव्हर रात्रभर पॉलिशपेपरसारखं हलतं. गेल्या पावसाळ्यानंतर खारघरहूनच आलेली एक काळी गाडी मी केली. आरशाच्या आणि बॉनेटच्या कडा पूर्ण निस्तेज झालेल्या, कव्हर तिथेच घासत होतं.

सानपाडा सेक्टर ८:
टूथपेस्टने चरा जातो म्हणतात, ते खरं आहे का? मैत्रिणीने काळ्या गाडीवर केलं, तर हाताएवढा धुरकट पट्टा पडलाय.

वागळे इस्टेट वर्कशॉप:
टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते, म्हणून एखादा फिका चरा कमी झाल्यासारखा वाटतो. पण ती पूड दातांसाठी आहे, गाडीच्या रंगासाठी नाही. मैत्रिणीला सांगा, तो धुरकटपणा बारीक फिनिशिंग पॉलिशने निघेल, आणखी काही चोळू नका. खोबरेल तेलाने चरा लपतो, पहिल्या धुण्यात परत दिसतो.

आणि विम्याचा क्लेम एका चऱ्यासाठी कुणी करू नका. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की नूतनीकरणाला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर २० टक्के सूट, नो क्लेम बोनस मिळतो. दाराच्या टच-अपसाठी तो घालवण्यात अर्थ नाही.

कासारवडवलीकर:
शेवटी वागळेतच एकाकडून बॉनेटचं एकदाच पॉलिश करून घेतलं. आधी जाडी मोजायला लावली, मधोमध ११८ मायक्रॉन आली. काम झाल्यावर ११६. ट्यूबलाइटखाली जाळं गेलं, दोन खोल चरे राहिले. ते तसेच ठेवणार, त्यांच्यासाठी क्लिअर कोट खर्च करायचा नाही.

नेरुळ सेक्टर १९:
मी रोज पुसणं सोडणार नाही. माझ्या झाडाखाली ते जमणारच नाही. पण उद्यापासून आधी पाणी फवारून, मगच स्वच्छ कापड. येत्या दसऱ्याला तुमची गाडी सीवूड्सला घेऊन या, माझीही निळीच आहे. मॉलच्या पार्किंगमध्ये दोन्ही शेजारी लावू आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघू.