‘ब्रास आय’ आज बघताना हसू येतं का? मला अर्धंच आलं

रेडिंगकर:
परवा लेकीबरोबर ‘ब्रास आय’ परत बघितलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १९९७ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर याचे सहा भाग आले होते, क्रिस मॉरिस या विनोदी कलाकाराने केलेले, टीव्हीवरच्या गंभीर बातम्यांचं विडंबन. प्राणी, ड्रग्ज, सेक्स, गुन्हेगारी असा एकेक विषय घ्यायचा, धडामधुडुम संगीत, गरागरा फिरणारे ग्राफिक्स, आणि मधेमधे खऱ्याखुऱ्या नामवंत लोकांना गाठून एखाद्या खोट्या मोहिमेसाठी कॅमेऱ्यासमोर कळकळीने बोलायला लावायचं. मग जुलै २००१ मध्ये एक स्पेशल भाग आला, लहान मुलांच्या लैंगिक शोषणावरून पेपर आणि चॅनल जो हलकल्लोळ करत होते त्याच्यावर. तो मी लागला त्याच रात्री बघितला होता, मला ब्रिटनमध्ये येऊन दोन वर्षं झाली होती, आम्ही चौघं मित्र एका घरात राहायचो आणि हसून हसून पोट दुखलं होतं सगळ्यांचं.

आता माझं मत बदललंय. बातम्यांच्या भाषेची टिंगल अजून तितकीच धारदार आहे, पण माणसांना फसवायचा भाग मला बघवेना. ड्रग्जच्या भागात ‘केक’ नावाचं एक ड्रग आहे, अख्खं मॉरिसच्या टीमने रचलेलं. तळहाताहून मोठी पिवळीधमक गोळी, ती म्हणे मेंदूच्या ‘शॅटनर्स बॅसून’ नावाच्या भागावर परिणाम करते, असा भागच नसतो. डेव्हिड एमेस हे खासदार त्या गोळीबद्दल तरुण मुलांना सावध करतायत, आणि तिथे माझी लेक एकदम म्हणाली, ‘बाबा, हे तेच ना?’ ती १९ वर्षांची आहे, तिला हा माणूस फक्त एकाच गोष्टीसाठी माहीत आहे. १५ ऑक्टोबर २०२१ ला ली-ऑन-सी मध्ये चर्चच्या हॉलमध्ये मतदारसंघातल्या लोकांना भेटत असताना त्यांचा भोसकून खून झाला. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. लोकांसाठी उपलब्ध असणं हेच ज्या माणसाला भोवलं त्याला ‘कोणीही येऊन सांगितलं की हा तयार’ म्हणून हसायचं, हे मला आता जमत नाही.

निशाचर:
एमेस यांचा मृत्यू भयंकरच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे १९९६ मध्ये, म्हणजे भाग लागायच्या आदल्या वर्षी, त्यांनी जे केलं ते बदलत नाही. ते नुसते कॅमेऱ्यासमोर बोलून थांबले नाहीत, त्यांनी या केकबद्दल पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला! म्हणजे नसलेल्या ड्रगसाठी गृहखातं कामाला लागलं. एक फोन डॉक्टरला, एक फोन पोलिसांना केला असता तरी कळलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, याचीच तर ती टीका होती, आणि खासदाराची जीभ आणि माझी-तुमची जीभ यात फरक आहे, त्याच्या बोलण्यावरून कायदे होतात आणि पोरं तुरुंगात जातात. मॉरिसने रस्त्यावरचा गरीब माणूस पकडून त्याची फजिती नाही केली. ज्यांच्याकडे वजन आहे त्यांनाच पकडलं. आज तर हे जास्तच लागू आहे, कोणीही सेलिब्रिटी समोर आलेला कागद वाचून व्हिडिओ टाकतो.

मोगरा:
मी गेली १४ वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागात काम करते, म्हणून २००१ च्या स्पेशलबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळ्यात वाईट म्हातारपण त्या भागाला आलंय.

आधी हे मान्य करते की तेव्हाचा उन्माद खरा होता. जुलै २००० मध्ये सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या पेपरने मुलांचं शोषण करणाऱ्या गुन्हेगारांची नावं-फोटो छापायला सुरुवात केली, पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रात्री जमाव लोकांच्या घरांवर चालून जायला लागला. वेल्समध्ये न्यूपोर्टला तर एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या घरावर ‘पीडो’ (पीडोफाइल, मुलांचं लैंगिक शोषण करणारा) असं रंगवून गेले, पीडियाट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ हेच न कळल्यामुळे. याच्यावर टीका हवीच होती.

पण माझ्यासमोर आज पन्नाशीतली माणसं येऊन बसतात. लहानपणी जे झालं ते त्यांनी त्या काळात सांगायचा प्रयत्न केला होता आणि कोणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांच्या बाजूने तो भाग बघा. अर्धा तास एकच सूर, की लोक उगाच बाऊ करतायत. आणि टीव्हीवरचा लाडका सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल मुलांचं शोषण करत होता हे २०१२ मध्ये बाहेर आल्यावर सगळ्यांना कळलं की बाऊ तर सोडाच, जे खरं होतं तेच दाबलं गेलं होतं.

निशाचर:
मोगराताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे पण इथे मी बरोबर उलटं म्हणेन. सॅव्हिलने तो भाग खराच ठरवला. पेपरवाले बागेतल्या अनोळखी राक्षसाला शोधत होते आणि खरा माणूस वर्षानुवर्षं टीव्हीवर बसून मुलांच्या इच्छा पूर्ण करत आला होता. त्या भागात गायक फिल कॉलिन्स ‘नॉन्स सेन्स’ लिहिलेला टीशर्ट घालून येतो, नॉन्स म्हणजे तुरुंगाच्या भाषेत मुलांचं शोषण करणारा, त्याने काय घातलंय ते त्यालाच कळत नाही. एक रेडिओ डीजे सांगतो की या गुन्हेगारांची जनुकं आपल्यापेक्षा खेकड्यांशी जास्त जुळतात, याला पुरावा नाही पण हे वैज्ञानिक सत्य आहे! आणि सिड रॅप्सन हे खासदार म्हणतात की हे लोक इंटरनेटचा आयर्लंडएवढा भाग वापरतायत. हे रॅप्सन कुठले खासदार? पोर्ट्समथ नॉर्थचे, म्हणजे पॉल्सग्रोव्ह त्यांच्याच मतदारसंघात. जिथे वर्षभरापूर्वी लोकांची घरं सुटली, तिथला प्रतिनिधी काहीही वाचून दाखवतोय. आणि भाग लागल्यावर ज्या टॅब्लॉइडने, म्हणजे सनसनाटी पेपरने, बोंब मारली त्याच्याच पानावर शेजारी १५ वर्षांच्या एका गायिकेच्या शरीराबद्दल कौतुकाची बातमी होती. याच्यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

मोगरा:
मग एक विचारते. केकच्या भागात रॉल्फ हॅरिसही आहे ना? मुलांचा लाडका, गाणी म्हणणारा, चित्रं काढणारा. २०१४ मध्ये त्याला मुलींवरच्या लैंगिक अत्याचारासाठी शिक्षा झाली. ‘ब्रास आय’ने त्याला समोर बसवलं आणि त्याच्यात काय बघितलं? भोळा, मूर्ख सेलिब्रिटी. म्हणजे बाकीच्यांना जे दिसलं नाही ते यांनाही दिसलं नाही. त्यांना दोष देत नाही, कोणालाच दिसत नव्हतं. पण मग ‘मॉरिसने सगळं आधीच ओळखलं होतं’ असं जे आज म्हणतात ते तरी म्हणू नका.

डेस्कवाला:
मी मुंबईत एका न्यूज चॅनलच्या ग्राफिक्सला सहा वर्षं काढली, त्यामुळे रेडिंगकरांचं ‘भाषेची टिंगल अजून धारदार’ हे मला पटत नाही. उलट तीच बोथट झालीय. मी ‘ब्रास आय’ची सुरुवात डेस्कवरच्या नव्या मुलांना दाखवली, त्यांना विनोद कळलाच नाही. एक जण म्हणाला, छान आहे, टेम्प्लेट कोणतं वापरलंय. त्यांना ते विडंबन वाटलंच नाही कारण आम्ही रोज त्याच्या दुप्पट करत होतो, आग लागली तर स्क्रीनवर ज्वाळा, पाऊस पडला तर अँकर पाण्यात, आणि प्रत्येक वाक्यापाशी ढॅण. १९९७ मध्ये अतिशयोक्ती म्हणून जे केलं होतं ते आता कमी वाटतं. फसवाफसवीचा भागच टिकलाय माझ्या मते, कारण माणूस कॅमेरा दिसला की काय करतो ते बदललेलं नाही.

आडवा_विचार:
ग्राफिक्स सोडा, ‘चांगला एड्स, वाईट एड्स’ बघा. मॉरिस टॉक शोचा होस्ट आहे, एका पाहुण्याला विचारतो तुला झाला कसा, रक्त चढवताना की दुसरीकडून, आणि उत्तरावरून ठरवतो की याच्याशी प्रेमाने बोलायचं की लांब सरकायचं. चेहऱ्यावर पूर्ण सहानुभूती, आणि तोंडातून ते शब्द. २०२० मध्ये पुण्यात आमच्या सोसायटीत पहिलं कुटुंब पॉझिटिव्ह निघालं तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न ‘कसे आहेत’ नव्हता, ‘कुठे फिरून आले होते’ असा होता. मी पण तोच विचारला होता. नंतर कधीतरी ते स्किट परत बघितलं आणि घशात अडकलं. ते जुनं झालेलं नाही, होणारही नाही, आणि त्यात कोणालाही फसवलेलं नाही हे पण लक्षात घ्या.

रेडिंगकर:
आडवा, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. जिथे लिहिलेलं आहे, अभिनय आहे, तिथे मी आजही पूर्ण त्याच्या बाजूने आहे. निशाचर, रॅप्सन आणि पॉल्सग्रोव्हचा संबंध मला इतकी वर्षं माहीतच नव्हता, त्यावर विचार करतोय. तरी एमेसबद्दल माझं मत तेच. आणि मोगराताई, रॉल्फ हॅरिसचं वाचून मी तो तुकडा परत लावला आणि बंद केला. लेकीला आता २००१ चा स्पेशल बघायचाय, शनिवारी घरी येतेय.

मोगरा:
दाखवा, पण आधी पॉल्सग्रोव्हच्या त्या बातम्या दाखवा. बायका कडेवर मुलं घेऊन घोषणा देतायत ते बघितल्याशिवाय हा भाग कशावर आहे ते तिला कळणार नाही.

निशाचर:
नका दाखवू आधी काही. सरळ लावा आणि ती कुठे हसते, कुठे थांबते ते बघा. आम्हालाही २००१ मध्ये कोणी तयारी करून दिली नव्हती.